मुक्या जिवांचा हक्क आणि आपले आदर्श

हा लेख एका लाजेतून लिहिला जात आहे, हे आरंभीच सांगून टाकणे बरे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या एका गावी माझा मुक्काम होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कृपाळूपणावर मी तेथे बोलावे, असे लोकांनी ठरविले होते. जुहरची नमाज आटोपून आम्ही मशिदीच्या ओट्यावर टेकलो होतो. वुजूखान्याचे सांडपाणी जेथे साचते, त्या खळग्यापाशी एक व्यालेली कुत्री येऊन पाणी चाटू लागली. तिच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. पोरांनी खडे उचलले. आम्ही मोठ्यांनीही "हाकला, हाकला, नापाक आहे" असा गलका केला, आणि मी स्वतः पायातली चप्पल हातात घेतली. एक खडा तिच्या पायाला लागला, ती लंगडत भिंतीपलीकडे गेली. तेव्हा आमच्यातलेच एक वृद्ध नमाजी उठले. बाजारात हमाली करून आयुष्य घालविलेला हा मनुष्य. त्यांनी एका फुटक्या मडक्याचे बूड शोधले, नळाखाली भरले आणि भिंतीबाहेरच्या निंबाखाली नेऊन ठेवले. परत येऊन माझ्याकडे पाहत ते इतकेच म्हणाले, "मौलवीसाहेब, हुकूम भांडं धुवायचा आहे. तिला मारायचा नाही."

त्या सायंकाळी मी कृपाळूपणावर काय बोललो, ते मला आठवत नाही. ते वाक्य मात्र आठवते. त्या एका वाक्यात शरीअतचा एक संपूर्ण मुद्दा होता, आणि तो मला, पुस्तके वाचलेल्या माणसाला, ऐन वेळी सुचला नव्हता.

तो मुद्दा आधी स्पष्ट करू. कुत्र्याने भांड्यात तोंड घातले तर ते भांडे सात वेळा धुवावे, त्यांत एकदा मातीने, असा आदेश हदीसमध्ये आहे व तो सहीह आहे. धर्मशास्त्रज्ञांत त्याच्या तपशिलाबद्दल मतभेद आहेत, इमाम मालिक (रह.) यांच्या मताप्रमाणे तर कुत्रा हा जीव मुळात अपवित्र नाहीच, भांडे धुणे ही केवळ आज्ञापालनाची बाब आहे. परंतु कोणत्याही मताचा आधार घ्या, आदेश भांड्याविषयीचा आहे, आपल्या कपड्यांविषयीचा आहे, आपल्या नमाजच्या शुद्धतेविषयीचा आहे. त्या जिवाला उपाशी, तान्हेले ठेवण्याची किंवा त्याला दगड मारण्याची मुभा त्यातून कोणत्याही इमामाने काढलेली नाही. शुद्धतेचा नियम आणि जिवाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या वस्त्यांतून त्यांची सरमिसळ झाली आहे आणि ती सरमिसळ आपली मुले आपल्याकडूनच शिकत आहेत.

आता ज्या हदीसकडे त्या वृद्धांच्या कृतीने माझे लक्ष वळविले, तिच्याकडे येऊ. ह. अबू हुरैरा (रजि.) यांनी ती कथन केली असून बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. एक मनुष्य वाटेने चालला होता, त्याला अतिशय तहान लागली. विहीर दिसली, तो आत उतरला, पाणी प्याला, वर आला. वर येऊन पाहतो तो एक कुत्रा जीभ बाहेर काढून तहानेपोटी ओली माती चाटत आहे. त्या मनुष्याच्या मनात आले की, जी अवस्था माझी झाली होती, तीच या जिवाची झाली आहे. तो पुन्हा विहिरीत उतरला, आपला चामडी मोजा पाण्याने भरला, तो तोंडात धरून वर चढला आणि कुत्र्याला पाणी पाजले. अल्लाहने त्याच्या या कृतीची कदर केली व त्याला क्षमा केली.

ही कथा आपण इतक्या वेळा ऐकलेली असते की, तिच्यातला मोजा आपल्या नजरेतून निसटतो. विहिरीवर पोहरा नव्हता, म्हणूनच तो मनुष्य पहिल्यांदा आत उतरला. आपल्या भागातल्या जुन्या विहिरी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ठाऊक आहे की, अशा विहिरीत चढ-उतर करायला दोन्ही हात मोकळे लागतात. म्हणून मोजा दातांत. ज्या पादत्राणाने तो रस्ता तुडवीत आला होता, ते त्याने तोंडात धरले, आणि कोणासाठी, तर ज्याच्या उष्ट्याने भांडे सात वेळा धुवावे लागते त्या जिवासाठी. पाहणारे कोणी नव्हते. त्याचे नावही आपल्याला सांगितलेले नाही. दुसऱ्या एका हदीसमध्ये हेच कृत्य बनी इस्राईलमधील एका वेश्येचे म्हणून आले आहे. तिनेही आपला मोजा काढून कुत्र्याला पाणी पाजले आणि तिला क्षमा मिळाली.

सहाबींनी हे ऐकून विचारलेला प्रश्न मोठा मोलाचा आहे. जनावरांच्या बाबतीतही आम्हाला पुण्य मिळते काय, असे त्यांनी विचारले. म्हणजे त्यांनाही ते नवे वाटले. प्रेषित (स.) यांच्या उत्तराचा आशय असा की, ज्या ज्या जिवाचे काळीज ओले आहे, त्या प्रत्येकाच्या बाबतीत पुण्य आहे. ओले काळीज, म्हणजे जिवंत काळीज. येथे पाळीव आणि भटका, उपयोगी आणि निरुपयोगी, हलाल आणि हराम असा भेद केलेला नाही.

आणि याच्या उलट बाजूची हदीस तुम्हाला ठाऊकच आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले, तिला खायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडे-उंदीर खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. मांजर मेले आणि ती स्त्री शिक्षेस पात्र झाली. ह. अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांची ही रिवायत आहे. येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. तिने मांजर पाळलेच पाहिजे होते, असे कोठेही म्हटलेले नाही. तिने ते सोडून दिले असते तरी ती सुटली असती. आपण ज्याला दावणीला बांधले, पिंजऱ्यात घातले, त्याच्या पोटाची जबाबदारी त्या क्षणी आपल्यावर आली. हौसेने पोपट, कबुतरे, ससे आणणाऱ्या आणि महिन्याभरात कंटाळणाऱ्या घरांनी ही हदीस जरा थांबून वाचावी.

कुरआनचा या विषयातील पायाभूत विचार सूरह अनआमच्या ३८व्या आयतीत आहे. जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी या तुमच्यासारख्याच 'उम्मती' आहेत, असा तिचा आशय. उम्मत हा शब्द आपण स्वतःसाठी किती अभिमानाने वापरतो! तोच शब्द अल्लाहने मुंग्यांसाठी, चिमण्यांसाठी वापरला. सूरह नम्लमध्ये ह. सुलैमान (अलै.) यांचे सैन्य मुंग्यांच्या खोऱ्यापाशी येते तेव्हा एक मुंगी इतर मुंग्यांना बिळांत शिरण्यास सांगते, नाहीतर सुलैमान आणि त्यांचे सैन्य नकळत तुम्हाला चिरडतील म्हणते. नकळत, हा शब्द तिने वापरला. एवढ्या मोठ्या सम्राटाच्या हेतूबद्दल तिने वाईट धरले नाही. ते ऐकून ह. सुलैमान (अलै.) हसले व आपल्या पालनकर्त्याचे आभार मानण्याची शक्ती त्यांनी मागितली. सत्ता हाती असलेल्या माणसाने दुबळ्याचे बोलणे ऐकण्याचा हा प्रसंग आहे, आणि त्या संपूर्ण सूरहला नाव मिळाले ते मुंगीचे. गुहेतल्या तरुणांच्या हकिकतीत तर उंबरठ्यावर पाय पसरून बसलेल्या कुत्र्याचा उल्लेख कुरआनने पुन्हा पुन्हा केला आहे. कुत्र्याचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांनी दर शुक्रवारी सूरह कहफ वाचताना तेथे काय वाटते, ते स्वतःला विचारावे.

मदीनेच्या समाजात हा विचार प्रत्यक्ष वागणुकीत कसा उतरला, हे पाहिल्याशिवाय आदर्श हा शब्द पोकळ राहील. ह. अब्दुल्लाह इब्ने जाफर (रजि.) लहान होते, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना आपल्या मागे वाहनावर बसविले होते. ते एका अन्सारीच्या बागेत गेले. तेथील एका उंटाने प्रेषितांना पाहताच हंबरडा फोडला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. प्रेषित (स.) त्याच्याजवळ गेले, त्याच्या कानामागे हात फिरविला, तसा तो शांत झाला. मग त्यांनी विचारले, हा कोणाचा? एक अन्सारी तरुण पुढे आला. अल्लाहने ज्या जनावराचे मालक तुला केले, त्याच्याबाबत तू अल्लाहला भीत नाहीस काय, तू त्याला उपाशी ठेवतोस आणि राबवून थकवितोस, अशी त्याने माझ्याकडे तक्रार केली आहे, असे ते त्याला म्हणाले. दुसऱ्या प्रसंगी पोट पाठीला लागलेला एक उंट पाहून त्यांनी या मुक्या जनावरांच्या बाबतीत ईशभय बाळगण्यास सांगितले. मूळ अरबी शब्दाचा अर्थ खरोखरच 'ज्यांना बोलता येत नाही' असा आहे. आपण मराठीत मुके जनावर म्हणतो, अगदी तसाच. दोन्ही हदीस सुनन अबू दाऊदमध्ये आहेत.

आपल्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ही तक्रार समजावून सांगावी लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जुवाखाली घासलेल्या बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात, आणि पोळ्याच्या दिवशी त्यांच्या खांद्यावर जू ठेवीत नाहीत. पूजेचा भाग आपल्या श्रद्धेत बसत नाही, त्यात आपण सहभागी होत नाही. हे उघड आहे. पण खांदा चोळण्याला, विश्रांतीला आणि पोटभर चाऱ्याला कोणत्या हदीसचा विरोध आहे? उलट त्या उंटाच्या तक्रारीचे उत्तर याहून वेगळे काय असणार! मी अशा मुस्लिम शेतकऱ्यांना पाहिले आहे की, जे त्या दिवशी बैलांना पूजा न करता धुऊन, चारून, मोकळे ठेवतात. ह. अनस (रजि.) सांगतात की, प्रवासात मुक्कामाला उतरल्यावर आम्ही जनावरांच्या पाठीवरचे ओझे उतरविल्याखेरीज नमाजला उभे राहत नसू. आधी खोगीर, मग नमाज. बैलगाडी सावलीत न सोडता, जू तसेच ठेवून जमाअत गाठण्यासाठी धावणाऱ्याने हा क्रम ध्यानात घ्यावा.

पाखरांच्या बाबतीतली एक हकिकत मला विशेष प्रिय आहे. ह. अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांच्या रिवायतीनुसार, प्रवासात प्रेषित (स.) काही गरजेसाठी दूर गेले असता सोबत्यांना एक लहानसे पाखरू आणि त्याची दोन पिल्ले दिसली. त्यांनी पिल्ले उचलली. पक्षिणी येऊन पंख पसरून फडफडू लागली. प्रेषित (स.) परतले, त्यांनी ते पाहिले आणि विचारले की, हिच्या पिल्लांवरून हिला कोणी व्याकूळ केले? हिची पिल्ले हिला परत द्या. त्याच प्रवासात जाळलेले मुंग्यांचे वारूळ त्यांच्या दृष्टीस पडले, तेव्हा अग्नीने शिक्षा देण्याचा अधिकार अग्नीच्या स्वामीशिवाय कोणाला नाही, असे त्यांनी बजावले. ज्यांच्या खांद्यावर एका नव्या समाजाचा भार होता, ते वाटेवरच्या एका पाखराच्या फडफडीपाशी थांबले.

सोबत्यांनी हे घेतले कसे? ह. अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांना काही कुरैश तरुण एक पाखरू बांधून त्यावर नेम धरताना दिसले, चुकलेला प्रत्येक बाण पाखराच्या मालकाला मिळायचा, असा सौदा होता. त्यांना पाहताच तरुण पांगले. जिवंत जिवाला निशाणा बनविणाऱ्याचा प्रेषितांनी धिक्कार केला आहे, असे त्यांनी सुनावले. गलोल घेऊन निंबावरच्या पोपटांवर, विजेच्या तारेवरच्या होल्यांवर नेम धरणारी पोरे आपल्या गल्लीत आहेत. त्यांना पाहून पांगावेसे वाटेल, असा एखादा इब्ने उमर मात्र आपल्या गल्लीत क्वचितच असतो.

मांजरांच्या बाबतीत दोन घरगुती प्रसंग आहेत. ह. अबू कतादा (रजि.) वुजूला बसले असता मांजर पाण्यापाशी आले. त्यांनी भांडे कलते करून तिला पाणी पिऊ दिले. त्यांची सून कब्शा नवलाने पाहत राहिली, तेव्हा ते म्हणाले की, मांजर अपवित्र नाही, ती तुमच्या घरात वावरणाऱ्यांपैकीच आहे असे प्रेषितांनी सांगितले आहे. ह. आयशा (रजि.) नमाजमध्ये असताना कोणी हरीसा आणून ठेवला, मांजराने त्यात तोंड घातले, नमाज संपल्यावर मांजराने खाल्ले तेथूनच त्या जेवल्या. याच ह. आयशा (रजि.) एकदा हट्टी उंटावर बसून त्याला ओढू-हिसडू लागल्या, तेव्हा प्रेषितांनी त्यांना सौम्यतेचा उपदेश केला होता, हेही मुस्लिमच्या संग्रहात आहे. आदर्श माणसे शिकत शिकतच आदर्श होतात. ह. अबू हुरैरा यांचे तर नावच मांजराच्या पिलावरून पडले: शेळ्या चारायला जाताना ते एक पिलू सोबत नेत. हजारो हदीस ज्यांच्या मुखातून आपल्यापर्यंत आल्या, त्यांना जग आजही 'मांजरवाले' या नावानेच ओळखते. आणि दानशूर हातिम ताईचे पुत्र ह. अदी (रजि.) मुंग्यांसाठी भाकरी कुसकरून टाकीत आणि त्या आपल्या शेजारी आहेत, त्यांचा आपल्यावर हक्क आहे म्हणत, असे चरित्रग्रंथांत येते.

हे केवळ भावनेचे प्रसंग राहिले नाहीत. पुढे त्यांचे शास्त्र झाले. 'विद्वानांचे सुलतान' म्हणून गौरविले गेलेले इज्जुद्दीन इब्ने अब्दुस्सलाम (मृत्यू हिजरी ६६०, इ. स. १२६२) यांनी आपल्या 'कवाइदुल अहकाम' या ग्रंथात माणसावरील जनावरांचे हक्क नोंदविले. त्यांतला पहिलाच हक्क आजच्या शेतकऱ्याला चटका लावणारा आहे: जनावर म्हातारे झाले, आजारी पडले आणि त्याच्यापासून लाभाची आशा उरली नाही तरी त्याचा खर्च मालकाने करावा. त्याच्या शक्तीपलीकडे ओझे लादू नये, त्याला इजा करील अशा जनावरासोबत त्याला कोंडू नये, त्याची बसण्याची जागा बरी असावी, जिब्ह करायचे तर चांगल्या रीतीने करावे आणि त्याच्या पिल्लांना त्याच्या डोळ्यांदेखत कापू नये, हेही त्यांनी लिहिले. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीचे हे लेखन आहे.

म्हाताऱ्या बैलाचा प्रश्न आज आपल्याकडे किती अवघड झाला आहे, हे मला कळते. मार्च २०१५ पासून आपल्या राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्या कायद्याविषयी मते काहीही असोत, चाऱ्याचा भाव चढला की निकामी बैल रात्री दूर नेऊन सोडून देणारे सर्व धर्मांत आहेत. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्याला 'खर्च कर' म्हणणे सोपे आहे, करणे नाही. म्हणून हा हक्क एकट्या मालकावर ढकलून गावाने मोकळे होऊ नये. जकातीचे ठराविक हकदार कुरआनने सांगितले आहेत, त्यात आपण फेरफार करू शकत नाही; पण ऐच्छिक सदका कडब्याच्या पेंढ्यांच्या रूपाने देता येतो, आणि तो ओल्या काळजालाच पोहोचतो.

येथे थोडे विषयांतर. पैठणच्या संत एकनाथांची गोष्ट मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते: काशीहून रामेश्वरासाठी आणलेल्या कावडीतले पाणी त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. आपल्या मुलांना ही गोष्ट शाळेत भेटते आणि कुत्र्याची हदीस मदरशात भेटते. दोन्ही एकाच मुलाला भेटतात, हे आपण पालकांनी विसरू नये. शेजाऱ्याशी बोलायला यापेक्षा चांगला विषय कोणता?

आपल्याच राज्यातील आणखी एका मुलाची हकिकत सांगतो. साधारण १९०६-०८ च्या सुमारास मुंबईत, मामांच्या घरी वाढलेल्या दहा-बारा वर्षांच्या एका अनाथ मुलाने हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. जिब्ह करून खायची, हा त्याचा नेहमीचा उद्योग. पण या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. असा पक्षी मुसलमानाने खावा की नाही, ही शंका त्याला आली आणि त्याने सुरी थांबविली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांना तो पक्षी ओळखता येईना. त्यांनी त्याला मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि कपाटे उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्या मुलासमोर मांडला. तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली (१८९६–१९८७). पुढे कोकणात किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे बारकाईने निरीक्षण करून १९३० मध्ये ते प्रसिद्ध केले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ आला. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. आणि 'एका चिमणीचे पतन' अशा अर्थाचे नाव त्यांनी आपल्या आत्मचरित्राला दिले. ते कर्मठ धार्मिक नव्हते, त्यांना तसे भासविणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु हलाल-हरामच्या शंकेने एका मुलाचा हात थांबला आणि त्याने पाखराकडे पहिल्यांदा नीट पाहिले, एवढे मात्र त्यांनी स्वतःच नोंदविले आहे. आपल्या मुलाने असली शंका विचारली तर आपण मिलार्डसारखे कपाट उघडतो, की 'गप बस' म्हणतो?

आपल्या जिल्ह्याला तर अल्लाहने जिवंत कपाटच दिले आहे. बुलढाण्याहून बोथ्याच्या घाटातून खामगावकडे जाणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. सुमारे २०५ चौरस किलोमीटरच्या या जंगलात बिबटे आहेत, अस्वले आहेत, चिंकारा आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरमध्ये जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये तेथून निघाला. वनखात्याने त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली होती, म्हणून त्याची वाट कळली. महाराष्ट्र आणि तेलंगणातील शेते, ओढे, महामार्ग ओलांडीत, बहुधा रात्रीच चालत, तो डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगेत पोहोचला. वसंतापर्यंतची त्याची एकूण चाल सुमारे तीन हजार किलोमीटर भरली. लोकांनी त्याला 'वॉकर' नाव दिले. एवढ्या वस्त्यांच्या कडेने तो गेला, तरी फार थोड्यांना दिसला. बाहेरच्या वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले तेव्हा आपल्यालाही त्याचे कौतुक वाटले; पण जंगलाच्या कडेला शेत असलेल्याची रात्रीची राखण कशी असते, हे त्या बातमीत नव्हते.

ती बाजू न मांडता प्राणिप्रेमाचा उपदेश करणे मला बरोबर वाटत नाही. रोह्यांचा कळप एका रात्रीत हरभरा भुईसपाट करतो, रानडुकरे मका उकरतात, मोह वेचायला गेलेल्यावर अस्वल धावून जाते. इस्लामने माणसाला आपला जीव आणि पीक वाचविण्यापासून रोखलेले नाही. उपद्रवी प्राण्याला मारण्याची परवानगीही शरीअतमध्ये आहे. रोखले आहे ते क्रौर्यापासून. कुंपणाच्या तारेत वीज सोडणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि शरीअतच्या दृष्टीने पाहिले तरी त्या तारेला डुक्कर, हरिण, शेजाऱ्याचे वासरू आणि स्वतःचा मुलगा यांतला फरक कळत नाही. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटविणाऱ्याने जळालेल्या वारुळाची हदीस आठवावी. वैशाखातली ती आग झाडाखाली थांबत नसते. नुकसानभरपाईचा अर्ज कसा करावा, पंचनामा कोणाकडून करून घ्यावा, हे आपल्या तरुणांनी शेतकऱ्याला लिहून दिले, तर तेही या विषयातले सत्कर्मच.

कुर्बानीविषयी दोन शब्द, कारण हा अंक वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या दारात लवकरच बोकड बांधला जाईल. जनावरावर माया करायची आणि त्याला जिब्हही करायचे, हा विरोध कसा, असे आपली मुले विचारतात. त्यांना रागावू नये. ह. शद्दाद इब्ने औस (रजि.) यांच्या रिवायतीत प्रत्येक गोष्टीत उत्तमपणा अनिवार्य असल्याचे सांगून सुरीला धार लावण्याचा व जनावराला आराम देण्याचा आदेश आहे. जनावराला आडवे पाडून त्याच्यासमोरच सुरी घासणाऱ्याला, तू याला दोनदा मारू इच्छितोस काय, अशा आशयाने प्रेषितांनी खडसावले होते. बाजारातून बोकड आणताना चार पाय बांधून मोटारसायकलवर आडवा टाकणे, दिवसभर उन्हात पाण्याविना उभे ठेवणे, एकाच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला कापणे, पोरांना शिंगे धरून त्याच्यावर बसू देणे, याला कुर्बानीचे पुण्य कसे चिकटणार? ज्या मुलाने आठ दिवस त्या बोकडाला पाला घातला आणि ईदच्या दिवशी तो रडला, त्याची थट्टा करू नका. बहुतेक ते मूलच आपल्यापेक्षा अधिक कळून कुर्बानी देत असते.

पाण्याचे सांगायचे राहिले. घाटाखाली पूर्णेच्या काठचा मोठा भाग खारपाणपट्टा आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या बाजूला विहिरीचे पाणी माणसाला पिववत नाही. नळ आला तर गोडे पाणी, नाहीतर टँकर. माणसे हंडे भरून ठेवतात, झाकण लावतात. ओढे आटलेले, बांधावरचे डबके खारट. पाखराला आणि भटक्या जनावराला त्या उन्हात गोडे पाणी मिळण्याची जागा एकच, ती म्हणजे माणसाची वस्ती. आणि त्या वस्तीत दिवसातून पाच वेळा जेथे पाणी वाहते, ती जागा मशीद. वुजूच्या पाण्यातही उधळपट्टी नको, नदीकाठी बसला असाल तरी नको, अशी शिकवण आहे. त्यानुसार नळ थोडा कमी सोडला, तर जे वाचेल तेवढे एका पसरट भांड्याला पुरे होते. भांडे मातीचे असावे, कडा ठेंगण्या असाव्यात, म्हणजे चिमणीलाही काठावर बसता येते. मध्ये एक दगड ठेवावा, म्हणजे मधमाशी बुडत नाही. नमाजींच्या वाटेपासून ते दूर, भिंतीबाहेर सावलीत असावे, म्हणजे कपड्यांच्या शुद्धतेचा प्रश्नच उद्भवत नाही. दोन-तीन दिवसांनी घासून धुवावे, नाहीतर डास होतात.

त्या गावी मी दोन वर्षांनी पुन्हा गेलो. ते वृद्ध गृहस्थ आता अंथरुणावर होते. मी भेटायला गेलो, सलाम केला, त्या दिवसाची चप्पल आठवते का म्हणून विचारले. त्यांना आठवत नव्हती. मशिदीबाहेरच्या निंबाखाली फुटक्या मडक्याच्या बुडाऐवजी आता बैलांना आंबोण घालतात तसले जुने दगडी टोपले होते, कोणाच्या तरी गोठ्यातून आणलेले. ज्या पोरांनी खडे मारले होते, त्यांपैकी एक आता मिसरूड फुटलेला मुलगा नळाला लावलेली रबरी नळी घेऊन ते भरीत होता. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा भरावे लागते, दुपारी शेळ्या येतात, असे त्याने सांगितले.